ताम्हण की सीतेची वेणी?

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आणि सीतेची वेणी हे आसामचे. पहिला वृक्ष आहे. दुसरी आमरी, म्हणजे ज्यांना आपण ऑर्किड म्हणतो त्या कुळातील वनस्पती. आसामात हिला कपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या दिवसांत तेथील मुली ती केसांत माळतात. योगायोग असा की ही दोन्ही आमच्या कोकणात रानटी वाढतात आणि साधारणपणे एकाच सुमारास, उन्हाळा सरता सरता फुलतात. त्यामुळे नवे घर बांधून झाले, खळे सारवून झाले, आणि दारात शोभेचे काहीतरी असावे असे वाटू लागले की ही दोन नावे हमखास निघतात. दोघांच्या फुलांचा रंग जवळचा असला, तरी त्यांच्या राहणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हा वाक्प्रचार येथे अगदी शब्दशः खरा आहे.

ताम्हणाला जमीन हवी. ओढ्याच्या, वहाळाच्या काठी वाढणारे हे झाड; त्याला मोठा बोंडारा किंवा जारूळ असेही म्हणतात. तीस-चाळीस फूट उंची सहज गाठते. थंडीत पाने तांबूस होऊन गळतात, चैत्रात नवी पालवी फुटते आणि मग फांद्यांच्या टोकांना जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या दिसतात. लाकूड पाण्यात टिकाऊ, म्हणून होड्यांसाठी वापरले जाते. लिनिअसने या जातीच्या झाडांना लागेरस्ट्रोमिया हे नाव दिले, ते लागेरस्ट्रोम नावाच्या आपल्या एका स्वीडिश व्यापारी मित्रावरून. पूर्वेकडच्या देशांतील वनस्पती त्याला मिळत त्या या मित्राकडून. आमच्या वहाळावरच्या झाडाला सातासमुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याचे नाव चिकटावे, ही एक मौजच!

सीतेच्या वेणीला जमीन मुळीच नको. आंबा, फणस, ऐन अशा झाडांच्या खोडावर ती चिकटून राहते. पाने पट्ट्यासारखी, जाड आणि मधोमध पन्हळीसारखी. ज्येष्ठात पानांच्या बगलेतून फूट-दीड फूट लांबीचा गच्च घोस खाली लोंबतो. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. एका घोसात शंभरावर फुले. वेणी हे नाव ज्या कोणी प्रथम दिले त्याची नजर मोठी रसिक असली पाहिजे.

येथे एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण या गैरसमजापायी दरवर्षी कितीतरी आमऱ्या कोयत्याखाली जातात. आमची आजी झाडावर उगवलेल्या प्रत्येक गोष्टीला बांडगूळ म्हणते, आणि गावात बहुतेकांचे तसेच आहे. कलमांची साफसफाई निघाली की बांडगुळाबरोबर आमरीही ओरबाडून खाली टाकली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे 'पुस्तकात काय लिहिलंय ते सांग' असे मला मोठ्या विश्वासाने विचारले जाते. मी कला शाखेची असले तरी ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांना बंदी नाही, म्हणून सांगते.

बांडगूळ हे खरोखरीचे परजीवी. पक्ष्यांनी फांदीवर टाकलेले त्याचे चिकट बी तेथेच रुजते, त्याचे मूळ सालीच्या आत शिरते आणि झाडाच्या शिरांतून पाणी व क्षार ओढून घेते. फांदी त्यामुळे खंगते. आमरी असे काहीही करीत नाही. तिची मुळे सालीच्या बाहेरच पसरतात. त्यांच्यावर मृत पेशींचा एक स्पंजासारखा थर असतो. कोरडी असताना ही मुळे रुपेरी-पांढरी दिसतात; पावसाची सर पडली की हा थर पाणी शोषतो आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पावसाचे पाणी, हवेतली धूळ आणि खोडावर कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचा संसार चालतो. ती झाडाकडे बसायला जागा मागते, जेवायला नाही. आजीला हे पटले की नाही कोण जाणे, पण "मग रवांदे तिका" असे ती म्हणाली, एवढे खरे.

आता दुसरे संकट. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि नेमकी तेव्हाच आमरी फुलायला लागते. परत जाताना पिशवीत आंबे, फणस, कोकम यांच्याबरोबर ती मुंबईला जाते. आठवडा बाजारातही रानातून सोलून आणलेल्या आमऱ्यांच्या जुड्या मी पाहिल्या आहेत. पुढे काय होते? हौसेने कुंडीत माती भरून ती लावतात आणि रोज पाणी घालतात. हवेची सवय असलेली मुळे ओल्या मातीत गुदमरून कुजतात. फुले येणे दूरच, बहुधा झाडच हातचे जाते. मग पुढच्या मेमध्ये पुन्हा रान आहेच.

रान आहेच, हे मात्र फार दिवस म्हणता येणार नाही. आमरीच्या एका बोंडात असंख्य बिया असतात, पण त्या धुळीच्या कणाएवढ्या. आत कोंबाला शिदोरीच नसते. भाताच्या दाण्यात असते तसे अन्न तिच्या बीजात नाही. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिले की योग्य ती बुरशी भेटली तरच हे बी रुजते. म्हणजे लाखो बियांतून एखादीचेच नशीब उघडते, आणि तीही फुलायला कित्येक वर्षे घेते. जी आपण दोन मिनिटांत सोलून काढतो ती अशी घडलेली असते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात ऑर्किडचे वेड शिगेला पोहोचले होते. अल्बर्ट मिलिकन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९१ मधील आपल्या पुस्तकात कोलंबियातील एका मोहिमेचा हिशेब दिला आहे : सुमारे दहा हजार ऑर्किडे मिळविण्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडली! ऑर्किड की झाड, या प्रश्नाचे याहून भयंकर उत्तर मला सापडले नाही.

सुदैवाने शास्त्राने एक वाट काढली. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर काचेच्या चंबूत हे बी रुजवून दाखविले. पुढे १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी ऑर्किडच्या कोंबाच्या शेंड्यापासून रोपे तयार करण्याची रीत मांडली. आज रोपवाटिकेत मिळणारी डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिसची रोपे याच पद्धतींमुळे आवाक्यात आली आहेत. तेव्हा ज्यांच्या वाट्याला अंगण नाही, चाळीची गॅलरी किंवा फ्लॅटची खिडकी एवढीच जागा आहे, त्यांनी ऑर्किड अवश्य लावावे. मात्र रोपवाटिकेतले, मातीत नव्हे तर नारळाच्या सोडणावर किंवा विटांच्या तुकड्यांत आणि कोळशात, आणि भर दुपारचे ऊन लागणार नाही अशा बेताने.

आणि ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी? माझे मत विचाराल तर आधी ताम्हणच. आमरी एका घोसात डोळ्यांचे पारणे फेडते खरी, पण सावली काही देत नाही. शिवाय तिला बसायला झाड लागतेच. झाडाला मात्र आमरीवाचून अडत नाही. ताम्हण घरापासून पंधरा-वीस फूट दूर, गडग्याच्या कडेला लावावे. जूनमध्ये खड्ड्यात शेणखत घालून रोप लावले की पावसाळा त्याची काळजी घेतो. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाण्याची हेळसांड चालत नाही. मोरीचे सांडपाणी तिकडे वळविले तर बायकांची एक खेप वाचते. बोंडे वर्षभर झाडावर राहतात आणि तडकून चपट्या, पंख असलेल्या बिया उडतात. तेव्हा रोपांना तोटा नाही. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटायचे असेल तर थंडीत, पाने गळाल्यावर छाटावे.

ताम्हणावर आमरी चढवावी, असा विचार काहींच्या मनात येईल. पण ताम्हणाची साल पापुद्रे सुटून झडत राहते, तेव्हा मुळांना कायमची पकड मिळणे कठीण. त्यासाठी खरबरीत सालीचा जुना आंबा किंवा फणस बरा. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर सीतेची वेणी सापडली, तर ती जळणात जाऊ देऊ नये. सालीच्या तुकड्यासकट अलगद काढून पहिल्या पावसात आंब्याच्या खोडाला, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूने, सुंभाने बांधावी. सुंभ कुजून पडेपर्यंत मुळांनी साल धरलेली असते.