स्लॅब टाकण्याआधीचे तीन थांबे

रब्बीचे पीक घरात आले की परभणी जिल्ह्यात घरांच्या बांधकामांना वेग येतो. स्लॅबचा मुहूर्त मग अनेकदा एप्रिल-मेमध्ये निघतो. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि पाण्याचीही ओढ असते. काँक्रीटसाठी या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. उन्हात माल लवकर आवळतो, म्हणून त्यात वरून पाणी ओतले जाते. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. ताकद घटते. छिद्रांतून हवा व ओल सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे खाली पडू लागतात.

वीट खराब निघाली तर बदलता येते. स्लॅबचे तसे नाही. सळई आत झाकली जाते आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचा ताकदीचा अहवाल २८ दिवसांनी मिळतो. म्हणूनच अशा जोखमीच्या कामात तपासणीचे थांबे आधीच ठरवायचे असतात. जबाबदार व्यक्तीची सही झाल्याशिवाय पुढचे काम सुरू करायचे नाही.

पहिला थांबा माल ओतण्यापूर्वीचा. सेंट्रिंगचे टेकू काळ्या मातीत खचू नयेत म्हणून खाली फळ्या हव्यात. सळईखाली किमान २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत.

दुसरा थांबा माल कालवतानाचा. घराच्या साध्या एम-२० काँक्रीटला ५० किलोच्या गोणीमागे पाण्याची कमाल मर्यादा साडेसत्तावीस लिटर आहे आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच मोजायचे. गिट्टी सावलीत ठेवावी, काम पहाटे किंवा सायंकाळी करावे. हजार चौरस फूट, पाच इंची स्लॅबला सुमारे १२ घनमीटर काँक्रीट लागते. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार त्याचे दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे घ्यावे लागतात.

तिसरा थांबा नंतरचा. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस स्लॅब सतत ओला राहिला पाहिजे. पाणी कमी असेल तर ओले गोणपाट अंथरून वर प्लास्टिक झाकावे. साधे सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांआधी काढू नयेत. मिश्र सिमेंटला याहून जास्त दिवस लागतात.

घरमालकाने एवढेच करावे: हे तीन थांबे कागदावर लिहून घ्यावेत आणि प्रत्येकापुढे कोण तपासणार त्याचे नाव अभियंत्याकडून मागावे. ठोकळ्यांचा अहवाल येईपर्यंत स्लॅब बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.