पायलट कोण?

दिवाळीच्या सुट्टीतला शुक्रवार. खाली म्हापशाचा बाजार ऐन भरात आहे. मयड्याची केळी, सुकी मासळी, मातीची मडकी यांच्यातून वाट काढत मी जिना चढते. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात पाऊल टाकताच बाजाराचा गलका मागे पडतो आणि वेगळाच आवाज कानावर येतो: मऊ लाद्यांवर फिरणाऱ्या चाकांची घरघर आणि मधूनच चेंडू सुटल्याचा ‘फट्’.

समोर बारा फूट लांब, बारा फूट रुंद मैदान आहे. फोमच्या 36 लाद्या, भोवती बुटका कठडा. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेच्या 2025-26 च्या मोसमाचं हे मैदान. खेळाचं नाव ‘डीकोड’. जांभळे-हिरवे चेंडू उचलायचे आणि कोपऱ्यातल्या उंच गोलमध्ये फेकायचे. एका रोबोटला एका वेळी तीनच चेंडू जवळ ठेवता येतात. पहिली 30 सेकंदं रोबोट आपला आपण चालतो, मुलांनी आधी लिहिलेल्या आज्ञांवर. पुढची दोन मिनिटं माणसाच्या हाती. त्या दोन मिनिटांसाठीच आज सगळे जमलेत. सराव-सामने आहेत, बाहेरून तीन संघ आलेत, आणि संध्याकाळपर्यंत यजमान संघाला आपले चालक ठरवायचे आहेत.

यजमान संघात आठ जण. पेडण्याच्या दोघी, डिचोलीचे तिघे, बाकी म्हापशाचे. सगळी दहावी-अकरावीची मुलं. सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स नेणारी गोवा सरकारची ‘केअर्स’ योजना 2021 साली जाहीर झाली, तेव्हाची ही पोरं. आता अठरा इंची खोक्यात मावणारा रोबोट त्यांनी स्वतः उभा केलाय. त्याला चालक दोन लागतात. एक चाकं सांभाळतो, दुसरा चेंडू फेकतो. मुलं दोघांनाही ‘पायलट’ म्हणतात. हा शब्द त्यांना विमानातून मिळालेला नाही. बाजारात मोटरसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून नेतो, तो म्हापशाचा पायलट.

भिंतीवरच्या फळ्यावर चालक होऊ पाहणाऱ्यांची चार नावं आहेत. पुढे रकाने: आत गेलेले चेंडू, चुकलेले चेंडू, दंड. शेवटच्या रकान्यावर संघाच्या टीचरनी लिहिलंय, ‘बोलणं’. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

डिचोलीचा एक मुलगा सकाळपासून कंट्रोलर हातातून सोडत नाहीये. चेंडू फेकणारी यंत्रणा त्याची. वाड्यावरच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा हात मोटरवर हलवता हलवता तो वेल्डिंग शिकला. त्याच हातांनी हे फेकचाक बसवलंय. फेकणार तोच, असं त्यानं आणि बाकीच्यांनीही धरून चाललंय.

त्याची पाळी येते. पहिले तीन चेंडू कठड्याला लागून परत येतात. पुढचे तीनही तोकडे पडतात. तो कंट्रोलर खाली ठेवतो. “टीचर, बॅटरी उतरलीय.”

“हरलास म्हणून रे!” मागून कुणीतरी म्हणतं.

टीचर मीटर मागवतात. बारा व्होल्टची ही बॅटरी पूर्ण भरलेली असली की तेराच्या आसपास दाखवते. मीटरवर आकडा बाराच्याही खाली आहे. फेकचाक मंद फिरतंय, चेंडूला जोर मिळत नाहीये. “खरं बोलतोय तो,” टीचर सांगतात. त्याचा आकडा पुसला जातो, नवी बॅटरी चढते, पाळी पुन्हा. आणि फळ्याच्या डोक्यावर एक ओळ येते: प्रत्येकाला भरलेली बॅटरी. मला ही ओळ त्या सगळ्या रकान्यांहून मोलाची वाटते. पोरांची पारख करायची तर माप आधी खरं हवं.

दुसऱ्या खेपेला तो सगळ्यांत जास्त चेंडू आत टाकतो. चाकांवर म्हापशाचा एक मुलगा पहिला येतो. रोबोटचं तोंड चालकाकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले तिथं अडखळतात. हा अडखळत नाही. पेडण्याची मुलगी दोन्हीकडे मागे आहे. फेकताना क्षणभर थांबते, म्हणून तिचे चेंडू कमी जातात. आकडे पाहिले तर निवड झालीच. पहिला आणि पहिला.

ती जोडी सामन्याला उभी राहते.

शिटी वाजते. चाकांवरचा मुलगा विजेसारखा चेंडूंकडे झेपावतो, तिन्ही उचलतो, गोलकडे वळतो. रोबोट अजून वळतोच आहे आणि चेंडू सुटतो. गोलच्या बाजूनं बाहेर. दुसराही. तिसऱ्याच्या वेळी फेकणारा थांबतो, पण चाकं निघून गेलेली असतात. दोघांच्या नजरा रोबोटवर, दोघांचे ओठ मिटलेले. दोन मिनिटांत दोघांत एक शब्द होत नाही. शेवटी पाहुण्या संघाच्या रोबोटला धक्का बसतो आणि दंड पडतो. एकेकट्यानं मिळवलेले आकडे जोडीत कुठं गेले, ते कुणालाच कळत नाही.

“आता तू ये गो,” टीचर पेडण्याच्या मुलीला बोलावतात.

तीच बॅटरी नाही, नवी. तोच चाकवाला. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते आणि शिटीबरोबर बोलायला लागते. “डावीकडे दोन. घे. मात्शें राव, थांब जरा... राव... आता!” चेंडू आत. “राव... आता!” आत. सकाळी तिचा दोष ठरलेला तो क्षणभराचा थांबा आता रोबोट स्थिर व्हायला पुरतोय. चौथ्या फेरीपासून मुलगाही बोलू लागतो. “वळतोय हां... थांबलो.” एक चेंडू हुकतो. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, म्हणते, “पुढचे उजवीकडे.”

फळ्यावर चुकलेल्यांच्या रकान्यात एकच रेघ आहे. दंड शून्य. टीचर खडू उचलतात आणि ‘बोलणं’ या रकान्यात दोघांच्या नावांपुढे एक लांब आडवी रेघ ओढतात, दोन्ही नावं जोडणारी.

सभागृह गप्प आहे. सगळ्यांचं लक्ष डिचोलीच्या मुलाकडे. तो फळ्याकडे बघतोय, वरपासून खालपर्यंत, सावकाश. स्वतःची पुसलेली पाळी, पुन्हा मिळालेली पाळी, आपला पहिला आकडा, मग जोडीचा आकडा. त्यात खोट काढायला जागा नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. दुखतंय, हेही दिसतं. सराव-सामने कशासाठी घ्यायचे, याचं उत्तर माझ्यापुरतं इथं मिळतं. जिंकण्याची घाई नसलेल्या दिवशीच अशी पारख करता येते आणि ती सोसण्याइतका वेळही त्या मुलाला मिळतो.

“राखीव पायलट तू,” टीचर त्याला सांगतात. “आणि दोन सामन्यांमध्ये हे फेकचाक बिघडलं तर उघडणार कोण?”

तो उत्तर देत नाही. मैदानाच्या कडेला जातो, मुलीच्या हातातला कंट्रोलर बघतो. पुढच्या सामन्याची तयारी चाललीय, चेंडू परत मांडले जाताहेत. खालून कदंबच्या बसचा हॉर्न ऐकू येतो.

“एक सांगतो गो,” तो हळूच म्हणतो. “शेवटच्या अर्ध्या मिनिटात बॅटरी उतरायला लागते. तेव्हा अर्धी लादी पुढे येऊन फेक.”

ती मान डोलावते. चाकवाल्याकडे वळून सांगते, “ऐकलंस? अर्धी लादी पुढे.”

शिटी वाजते.