माथ्यापासून अडवलेलं पाणी

मांजरा नदी पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. २०१६च्या उन्हाळ्यात तिचं धनेगावचं धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेसाठी अंबाजोगाई तालुक्यातली गावं कुदळ-फावडी घेऊन श्रमदानाला उतरली!

काम माथा ते पायथा. समान पातळी शोधायची, चुन्याची फक्की मारायची, त्या रेषेवर समतल चर खणायचा आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. सरी कोसळल्या की पाणी चरात थांबतं, मुरुमातून कातळाच्या भेगांत मुरतं. माथा मोकळा सोडून नुसता नाला खोल करणं मला अजिबात पटत नाही, गाळ पुन्हा तिथेच येतो. पाऊस लहरी झालाय, त्यामुळे चरांतला गाळही पावसाळ्याआधी काढायलाच हवा.