विश्लेषण : महारेरा क्रमांक असूनही डोंबिवलीतील ६५ इमारती बेकायदा कशा?

डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. महारेरा क्रमांक पाहून, गृहकर्ज काढून येथे घरे घेतलेल्या कुटुंबांवर बेघर होण्याची वेळ आली. नोंदणी असलेली इमारत बेकायदा कशी ठरली?

रेरा कायदा कोणाचा?
स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा २०१६ मध्ये संसदेने केला. केंद्रात हा विषय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे आहे. अंमलबजावणी मात्र राज्यांची. महाराष्ट्रात त्यासाठी २०१७ मध्ये महारेरा स्थापन झाले. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही.

फसवणूक कशी झाली?
बांधकाम परवानगी महारेरा देत नाही, महापालिका देते. येथे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट परवानग्या तयार करून त्या महारेराकडे सादर करण्यात आल्या आणि नोंदणी क्रमांक मिळवण्यात आले. परवानगी खरी आहे का, हे महापालिकेकडून पडताळले गेले नाही. वास्तुविशारद संदीप पाटील यांच्या याचिकेमुळे हा प्रकार न्यायालयासमोर आला. पोलिसांनी गुन्हे दाखल केले, विशेष तपास पथकही नेमले गेले.

त्यानंतर काय बदलले?
बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) स्थानिक प्राधिकरणाने थेट महारेराला ई-मेलने कळवावे, अशी पद्धत २०२३ मध्ये आली. मात्र त्याआधीच्या नोंदणीबाबत ग्राहकाने स्वतः खात्री करणेच उत्तम.

घर घेताना काय तपासाल?
• महारेराच्या संकेतस्थळावरून सीसी डाउनलोड करा. तिचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन जुळवा. ठाणे असो वा कल्याण, हा नियम सारखाच.
• सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा. भूखंडावर आरक्षण आहे का, हे विकास आराखड्यात तपासा.
• करार नोंदणीकृत होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. विकासकाने त्याहून जास्त घेण्यास कायद्याने मनाई आहे.
• भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका.
• बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे इमारत अधिकृत, असे समजू नका.

फसलेल्यांना दाद कुठे?
जमिनीच्या मालकी हक्कात दोष निघाल्यास रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार विकासकाकडून भरपाई मागता येते. या दाव्याला मुदतीचे बंधन नाही. पण भरपाईचा आदेश मिळाला तरी विकासकाकडून पैसे वसूल व्हावे लागतात. तोवर घर गेले तरी कर्जाचे हप्ते सुरूच राहतात. म्हणून नगररचना विभागातील एक फेरी टोकन देण्याआधीच मारलेली बरी.