जुनी बाजाची पेटी फोनवरून विकताना



मागील अंकात खोडव्यातील पाचट आच्छादनाविषयी लिहिले होते. या वेळचा विषय शेतीबाहेरचा आहे. परंतु गटात फिरताना गेल्या वर्षभरात पाच-सहा ठिकाणी एकच प्रश्न कानावर आला, म्हणून संपादकांची परवानगी घेऊन लिहीत आहे. प्रश्न असा, "साहेब, घरात जुनी पेटी पडून आहे. पोरगं म्हणतंय फोनवर टाकली की विकते. टाकावी का?" जरूर टाकावी. पण पहिल्यांदाच विकणाऱ्याने आधी थोडे समजून घ्यावे, कारण या कामात मी स्वतः फसता फसता वाचलो आहे.

माझे मूळ घर बोईसरचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आमच्या लहानपणी आम्ही ठाणे जिल्ह्यात मोडत असू. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. चाळीत घाटावरचे, कोकणातले, खानदेशातले असे सगळे कामगार, आणि शनिवारी रात्री भजन. त्या भजनासाठी वडिलांनी एक हातपेटी घेतली होती. वडील गेल्यावर ती माळ्यावर गेली. गेल्या पावसाळ्यात, गळीत हंगाम नसल्याने, रजा काढून घर आवरायला गेलो तेव्हा उंदरांनी भात्याचे चामडे कुरतडायला सुरुवात केलेली दिसली. बहीण म्हणाली, "दादा, बाबांची पेटी विकायची नाही." मी म्हटले, ठेवून सडवायची त्यापेक्षा कोणाच्या तरी भजनात वाजू दे. दोन दिवस आमचे बोलणे नीट नव्हते. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर : भंगारवाल्याला नाही, वाजवणाऱ्यालाच द्यायची.

आता पेटी विकायची म्हणजे आधी ती ओळखायला हवी. बेणे विकताना आपण नुसते "ऊस आहे" असे सांगत नाही. को ८६०३२ की फुले २६५, वय किती महिने, बेणेमळ्यातला की खोडव्याचा, हे सगळे सांगतो. पेटीचेही तसेच आहे. पट्ट्या किती ते मोजा : ३७ असल्या तर तीन सप्तकांची, ४२ असल्या तर साडेतीन. सूर एकेरी की दुहेरी, दुहेरी असतील तर खर्ज-नर की नर-मादी, हे वाजवणारा कोणीही सांगेल. सूर कोठले आहेत यावर किंमत बरीच अवलंबून असते. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत गुजरातेतील पालिताण्याचे सूर असतात. जुन्या काही पेट्यांत जर्मन सूर सापडतात, त्यांना जाणकार जास्त किंमत देतात. मात्र दुकानदाराने कधी काळी "जर्मन आहे" म्हटले होते एवढ्यावर जाहिरातीत तसे लिहू नका. वरची फळी जाणत्या माणसाकडून उघडून घ्या, सुरांवर शिक्का असेल तर त्याचा फोटो काढा.

भाता तपासायला सोपी युक्ती आहे. समोरच्या सगळ्या खुंट्या बंद करा, भाता भरा आणि हात काढा. सावकाश वीस अंक मोजेपर्यंत हवा टिकली तर भाता ठीक. फुस्स आवाज करून लगेच बसला तर कोठेतरी गळती आहे. नंतर खुंट्या उघडून प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवा. कोणती मुकी आहे, कोणती न दाबताच बोलते, कोणती दाबल्यावर वर येत नाही, ते कागदावर उतरवा. आमच्या पेटीत दोन पट्ट्या मुक्या आणि तीन अडकणाऱ्या निघाल्या. खाऱ्या हवेने पितळी सुरांवर हिरवा कळंक धरला होता. अडकण्याचे कारण पावसाळा; लाकूड फुगते. म्हणून शक्यतो उन्हाळ्यात किंवा दसऱ्यानंतर पेटी दाखवावी. पण गिऱ्हाईक येते ते श्रावण आणि गणपतीच्या तोंडावर, कारण मंडळांना तेव्हाच पेटी लागते! दोन्ही गोष्टी जमत नाहीत; तेव्हा पेटी आठ दिवस कोरड्या खोलीत ठेवावी आणि जे आहे ते सांगावे. तेल मात्र घालू नका. सूर कानशीने घासून स्वतः लावायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका, पातळ झालेला सूर मोडतो.

विकण्याआधी दुरुस्ती करावी का? माझे मत, करू नये. घेणाऱ्या मंडळाचा कारागीर ठरलेला असतो, तो त्याच्या पद्धतीने सूर लावतो. मी एका कारागिराला ३०० रुपये देऊन पेटी फक्त दाखवली. चामडे आणि सूर मिळून अडीच हजारांचे काम आहे, असे तो म्हणाला. दुकानात तशाच नव्या पेटीला १६,००० सांगत होते. वय, झीज आणि दुरुस्ती वजा जाता मी ९,००० मागायचे ठरवले आणि ७,००० च्या खाली यायचे नाही, हे बहिणीसमोर कबूल केले. खालचा आकडा आधी ठरवून ठेवावा, नाही तर बोलण्याच्या भरात माणूस घसरतो.

जाहिरातीचा मजकूर असा लिहिला : "जुनी हातपेटी, सागवानी, ४२ पट्ट्या, दोन सुरी, खर्ज-नर, पालिताणा सूर. घरगुती भजनात वापरलेली. दोन पट्ट्या मुक्या, तीन अडकतात, भात्याचे चामडे एका कोपऱ्यात कुरतडलेले. बोईसरला येऊन वाजवून पाहावी. अपेक्षित ९,००० रुपये." फोटो दिवसाउजेडी काढले : समोरून, मागून, भाता उघडून, आणि कुरतडलेल्या कोपऱ्याचा जवळून. पंखा बंद करून डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या वाजवलेला व्हिडिओही जोडला. दोष लिहिले तर गिऱ्हाईक पळेल असे भाच्याला वाटत होते. उलट झाले. ज्यांनी फोन केले त्यातल्या जाणत्यांनी चामड्यावरूनच बोलणे सुरू केले.

येथे एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण भजनी मंडळांच्या सामानात ती सापडते. जुन्या दिमडीला किंवा खंजिरीला घोरपडीचे कातडे असेल तर ती विकायला काढू नका. जुन्या सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी हस्तिदंताची अथवा सांबराच्या शिंगाची असेल तर तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बंद आहे आणि वस्तू आजोबांच्या काळातली असली तरी विक्रीला सूट नाही. शंका असल्यास आधी वन विभागाला विचारा.

आता मुख्य मुद्दा. जाहिरात टाकून दहा मिनिटे झाली नाहीत तोच फोन आला. बोलणारा म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली होऊन पालघरला येतोय, मुलीला पेटी हवी आहे. घासाघीस नाही, पाहायचे नाही, पूर्ण ९,००० आत्ताच पाठवतो. मला मोठा आनंद झाला. त्याने आधी खात्री म्हणून १० रुपये पाठवले, ते आलेही. मग व्हॉट्सॲपवर चौकोनी क्यूआर चित्र पाठवले आणि म्हणाला, "हे स्कॅन करा, ९,००० टाका, पिन दाबा, पैसे जमा होतील." मी स्कॅन केले, आकडाही टाकला. पिनचे दोन अंक दाबले आणि बहिणीने फोन हिसकावला. "दादा, वर काय लिहिलंय वाच." पडद्यावर ९,००० 'भरा' असे होते!

पदविकाधारक माणूस, रोज शेतकऱ्यांना चार गोष्टी सांगणारा, आणि एवढे दिसले नाही. कारण सौदा झाल्याच्या आनंदात आपण वाचत नाही, समोरचा सांगेल ते करतो. तेव्हा हे नीट समजून घ्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. आपला क्यूआर दुसऱ्याने स्कॅन केला तर पैसे आपल्याकडे येतात; दुसऱ्याचा आपण स्कॅन करून पिन टाकला तर आपले जातात. काट्यावर गाडी भरून चढते आणि रिकामी उतरते, तशी येथेही दिशा पाहायची. हेच लोक दुसऱ्या तऱ्हेनेही येतात. पैसे जमा झाल्याचा खोटा संदेश पाठवून "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" म्हणतात. कोणी गाडीभाडे आगाऊ मागतो, कोणी एखादी फाईल किंवा ॲप उतरवायला सांगतो आणि आपला फोनच ताब्यात घेतो. संदेशावर विश्वास ठेवू नका, खात्यातील शिल्लक स्वतः पाहा. तीसुद्धा फोन ठेवल्यानंतर, तो बोलत असताना नाही.

आपल्या सभासदांना यात जास्त धोका आहे, तो असा. ज्या खात्यात ऊसबिल जमा होते तेच खाते पुष्कळांनी फोनला जोडलेले असते. पेटीचा सौदा आठ-दहा हजारांचा, पण जाऊ शकते ते वर्षाचे पीक. म्हणून अशा व्यवहाराला वेगळे बचत खाते ठेवा, त्यात हजार-दोन हजारांपेक्षा जास्त ठेवू नका आणि फोनला तेवढेच जोडा. ऊसबिलाचे खाते पासबुकावर राहू द्या. आणि फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येतात. दुसऱ्या दिवशी गेलेल्याला ती संधी कमी असते.

त्या जवानाचा, म्हणजे जवान म्हणवणाऱ्याचा, क्रमांक आम्ही बंद केला. पुढे पाच दिवसांनी मनोरकडच्या एका भजनी मंडळाचे चौघे रविवारी सकाळी टेम्पो घेऊन आले. बुवांनी अर्धा तास पेटी वाजवली, मुक्या पट्ट्यांवर नाक मुरडले, ६,००० म्हणाले. मी कारागिराने सांगितलेला खर्च पुढे ठेवला. बहिणीने चहा आणला. ७,५०० वर ठरले. त्यांनी माझा क्यूआर स्कॅन केला, भाच्याने खात्यात पैसे आल्याचे पाहिले, मगच पेटी उचलली. एका कागदावर तारीख, रक्कम, पेटीचे वर्णन आणि 'आहे त्या स्थितीत' असे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. नेताना भात्याची कडी लावली, खुंट्या बंद केल्या आणि पट्ट्यांवर जुने धोतर घडी करून झाकण बसवले, म्हणजे हादऱ्याने पट्ट्या निखळत नाहीत. पेटीची खोळ मात्र बहिणीने ठेवून घेतली.

जाहिरात त्याच संध्याकाळी काढून टाकली. तरी आठवडाभर फोन येत राहिले. त्यातल्या दोघांची सैन्यातून बदली होऊन पालघरलाच येणार होती.

ज्यांना जाहिरातीचा मजकूर किंवा फोटो दाखवून घ्यायचे असतील त्यांनी गट कार्यालयात स्लिप बॉयकडे सांगून ठेवावे. ऊस नोंदीच्या फेरीत येईन तेव्हा पाहू.

– ऊस विकास अधिकारी