ग्वांगझौमधील पाच वर्षांचे बिऱ्हाड

कँटन हे नाव व्यापारी घराण्यांना नवे नाही. १९५७ सालापासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरणाऱ्या तेथील व्यापारी जत्रेला आपल्याकडून कितीतरी मंडळी जातात. दिवे, यंत्रे, फरशा पाहतात, भाव ठरवतात आणि सोबत नेलेल्या दशम्या-खाकऱ्यांचे डबे रिकामे होऊ लागले की परतीच्या विमानात बसतात. त्या शहराचे आजचे नाव ग्वांगझौ. तेथे आठ दिवस हॉटेलात उतरणे वेगळे आणि पाच वर्षे बिऱ्हाड करून राहणे वेगळे. सांगलीच्या एका गणिताच्या शिक्षिकेने ऑगस्ट २०१८ ते जुलै २०२३ या काळात हा दुसरा अनुभव घेतला. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने येथे त्यांना केवळ बाई म्हटले आहे.

जाण्यामागे हौस नव्हती. यजमानांची हळदीची आडत दोन हंगाम ओळीने तोट्यात गेली होती आणि बँकेचे कर्ज थकले होते. बाई एम. एस्सी., बी. एड.; कनिष्ठ महाविद्यालयात पंधरा वर्षे शिकवलेल्या. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी सर्वसाधारणपणे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा देशांतील शिक्षक मागतात. गणिताला ती अडचण नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या एका खाजगी शाळेने त्यांची निवड केली. पदवीच्या प्रमाणपत्रावर शिक्के, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, झेड वर्गाचा व्हिसा, पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पत्त्याची नोंद आणि तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज, अशी सारी कागदपत्रे झाली. परदेशी शिक्षकाला सरकारी भाषेत ‘तज्ज्ञ’ म्हणतात. हा तज्ज्ञ रस्त्यावर आला की निरक्षर असतो. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, बस कोठे जाते, दारावर ‘ओढा’ आहे की ‘ढकला’, यातले काहीच त्याला वाचता येत नाही. बाईंना अक्षरे शिकवली ती त्यांच्याच अकरावीच्या विद्यार्थ्यांनी, मधल्या सुट्टीत. गणितात चुकल्यावर बाई जशी वहीत लाल खूण करीत, तशीच खूण ती मुले बाईंच्या वहीत करीत आणि मनमुराद हसत.

तेथील शाळेत दुपारच्या जेवणानंतर झोपेची वेळ राखून ठेवलेली असते. मुले बाकावर डोके टेकून झोपतात. सणांच्या सुट्ट्या लांब मिळतात खऱ्या, पण त्यांतील काही दिवस पुढच्या-मागच्या शनिवारी-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. १० सप्टेंबर हा शिक्षक दिन. त्या दिवशी टेबलावर फुलांची रास असते.

भोजनाचा प्रश्न वाचकांच्या मनात आधीच आला असेल. ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य बाई विमानातच पाठ करून गेल्या होत्या, परंतु ते अपुरे पडले. पालेभाजी मागवावी तर ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा तिच्यावर कालवांचा रस ओतलेला. सुटका झाली ती बौद्ध मंदिरांच्या भोजनगृहांत. तेथील सात्त्विक स्वयंपाकात मांस तर नसतेच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य! हे प्रथम कळले तेव्हा बाईंना घर सापडल्यासारखे वाटले. अर्थात ताटात कमळकाकडी, अरवी आणि नाना जातींच्या अळंब्या असतात, त्यामुळे कंदमुळे न खाणाऱ्याला तेथेही निवडूनच जेवावे लागते. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शहरातले अनेक वृद्ध शाकाहार पाळतात, म्हणून त्या दिवशी ही भोजनगृहे भरून जातात. आणखी एक सोय अनपेक्षित होती. चिनी माणूस पाणी उकळूनच पितो. शाळेत, कचेरीत, रेल्वेच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो. उकळलेल्या पाण्याचा नियम आपल्याकडे प्रवासात सांभाळणे जितके अवघड, तितके तेथे सोपे. जुन्या शहरातील हुआलिन मंदिर बाईंना विशेष आवडे. भारतातून समुद्रमार्गे आलेला बोधिधर्म याच परिसरात प्रथम उतरला अशी परंपरा आहे.

हवामानाने मात्र त्रास दिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेकडून दमट वारे येतात आणि थंड भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. फरशीवर पाणी साचते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. एका वसंतात बाईंच्या पदवी प्रमाणपत्राच्या कडेला बुरशी चढली. तेव्हापासून ते तांदळाच्या डब्यात राहू लागले.

दर महिन्याला बाई बँकेत जात. करार, परवाना आणि कर भरल्याचा दाखला दाखविल्यावर करोत्तर पगार परकीय चलनात बदलून मायदेशी पाठविता येतो. युआनचे डॉलर, डॉलरचे रुपये आणि रुपयांचा कर्जाचा हप्ता, असा त्या पगाराचा प्रवास होता.

पहिली सहल २०१९ च्या वसंतातली, गुइलिनची. ग्वांगझौहून वेगवान गाडी अडीच-तीन तासांत तेथे पोहोचते. गुइलिनपासून यांगशुओपर्यंत ली नदीतून होणारा सुमारे त्र्याऐंशी किलोमीटरचा नौकाप्रवास जगप्रसिद्ध आहे. चुनखडीचे हिरवे सुळके पाण्यातून उभे राहिल्यासारखे दिसतात. शिंगपिंग गावाजवळ सगळे प्रवासी एकाच वेळी खिशातून वीस युआनची नोट काढतात, कारण नोटेच्या मागच्या बाजूस हेच दृश्य छापलेले आहे. बाईंनीही काढली. रोख पैसा दिसेनासा झालेल्या त्या देशात, जेथे भाजीवाली म्हातारीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, नोटेला उरलेला हा बहुधा शेवटचा उपयोग असावा.

त्यानंतर फूजियान प्रांतातील हक्का लोकांची मातीची गोल घरेही पाहून झाली. एकेका घरात शेकडो खोल्या आणि एकाच आडनावाची सारी कुटुंबे. एकत्र कुटुंब पाहिलेल्या माणसाला त्यात फारसे नवल वाटू नये.

२३ जानेवारी २०२० रोजी वूहान बंद झाले. सुट्टीत मायदेशी न जाता बाई ग्वांगझौमध्येच राहिल्या होत्या, हप्ता वाचावा म्हणून. २८ मार्चला चीनने परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केली. बाहेर गेलेले सहकारी बाहेरच अडकले. बाईंना जाता आले असते, पण परत येता आले नसते. जूनअखेर भारताने वीचॅटवर बंदी घातली, आणि व्हॉट्सॲप तर चीनमध्ये आधीपासूनच चालत नव्हते. दोन्ही बाजूंनी दार लागले. सांगलीशी बोलणे आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवर आले. मिनिटाचा दर मोजून बोलताना माणूस कामाचे तेवढेच बोलतो, असे बाई सांगतात. मुलाचे गुण, हप्त्याची तारीख, वडिलांची प्रकृती.

देशांतर्गत प्रवास खुला झाल्यावर, त्या ऑक्टोबरच्या सुट्टीत बाई कायपिंगला गेल्या. ग्वांगझौच्या नैर्ऋत्येस दोनेक तासांच्या अंतरावरील हा भाग. भातशेतीच्या मधोमध पाच-सहा मजल्यांचे मनोरे उभे आहेत. खाली जाड भिंती, खिडक्यांना लोखंडी झडपा, वर कोपऱ्यांत गोळी झाडण्याची छिद्रे आणि माथ्यावर रोमन खांब किंवा घुमट. अठराशेहून अधिक मनोरे आजही टिकून आहेत. २००७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि मलाया येथे राबणाऱ्या पुरुषांनी पाठविलेल्या पैशांतून त्यांतील बहुतेक, विशेषतः १९२० आणि १९३० च्या दशकांत, उभे राहिले. सिमेंटही परदेशातून येई. गावकरी त्याला ‘लाल केसवाल्यांची माती’ म्हणत. पैसा आला म्हणून दरोडेखोर आले, दरोडेखोर आले म्हणून मनोरे आले.

या वैभवाची दुसरी बाजू मार्गदर्शक घाईघाईत सांगतात. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले, ते १९४३ पर्यंत. तेथे असलेला मजूर बायको-मुलांना नेऊ शकत नव्हता आणि एकदा गावी आला तर पुन्हा प्रवेश मिळेल याची शाश्वती नव्हती. वर परदेशात असताना त्याच्या जागी कोंबडा धरून लग्न लावल्याच्या हकिकती या भागात सांगतात. मनोऱ्यात शिसवी खुर्च्या, आरसे, परदेशी घड्याळे आहेत. भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे आहेत. सोबतचे प्रवासी छतावर चढून छायाचित्रे काढीत होते, आणि बाई दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बराच वेळ थांबल्या. ज्यांनी हे बांधले त्यांच्यापैकी कित्येक जण येथे फार थोडे दिवस राहिले. वारस आता परदेशी आहेत, आणि अनेक घरांची किल्ली सरकारी रखवालदाराकडे आहे.

मे २०२१ मध्ये जयसिंगपूरला बाईंचे वडील वारले. दुसऱ्या लाटेचे दिवस. भावाने फोन कानाशी नव्हे, वडिलांच्या उशाशी ठेवला होता. बाईंना ऐकू आला तो णमोकार मंत्र आणि मध्येच कोणाचा तरी खोकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्यांनी कलनशास्त्र शिकवले. मुलांना कळले ते आठवड्याने. त्यानंतर महिनाभर कोणी गृहपाठ चुकविला नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्या शांतोऊला गेल्या. समुद्रकाठचे हे जुने बंदर. येथून लाखो माणसे सयाम, मलाया आणि सिंगापूरला गेली. येथे ‘छिआओपी’ नावाच्या कागदांचे संग्रहालय आहे. छिआओपी म्हणजे पत्र आणि पैसे यांचे एकत्र पाकीट. परदेशातील मजूर पेढीवर जाई, लिहिता येत नसेल तर लेखनिकाला मजकूर सांगे आणि रक्कम भरी. पेढीचा माणूस दूरच्या खेड्यात घरपोच पैसे देई आणि पोचपावती म्हणून घरच्यांचे छोटे उत्तर परत नेई. आपल्या हुंडीची आठवण व्हावी अशीच ही विश्वासावरची व्यवस्था, फक्त हुंडीत आईची चौकशी नसते. या पाकिटात असते: इतके आईला, इतके पत्नीला, इतके धाकट्या काकांना. परदेशी पोहोचताच पहिली लहानशी रक्कम पाठवीत तिला ‘सुखरूप पोहोचल्याचे पाकीट’ म्हणत. १९७९ मध्ये हे काम बँक ऑफ चायनाकडे गेले. २०१३ मध्ये युनेस्कोने या संग्रहाची नोंद ‘जगाच्या स्मृती’च्या यादीत केली.

बाईंना चिनी लिपी तोपर्यंत बऱ्यापैकी वाचता येऊ लागली होती. जुनी हस्ताक्षरे लागत नव्हती, पण आकडे आणि ‘आई’ हे अक्षर लागत होते. त्यांच्याकडे पाच वर्षांच्या बँक पावत्यांची जाडजूड फाइल आहे. तिच्यात केवळ आकडे आहेत.

८ जानेवारी २०२३ रोजी चीनने प्रवाशांवरील विलगीकरण उठविले. मार्चमध्ये कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. एप्रिलमध्ये शाळेने वाढीव पगाराचा नवा करार पुढे ठेवला, आणि बाईंनी दोन दिवस विचार करून तो सही न करता परत दिला. थेट विमाने बंदच होती, म्हणून जुलैत त्या बँकॉकमार्गे परतल्या. सांगलीला जाण्याआधी जयसिंगपूरला उतरल्या.

सध्या त्या अकरावी-बारावीच्या मुलांना घरी गणित शिकवतात. मिळकत तेथल्या पगाराच्या पाव हिश्शाएवढीही नाही. २६ ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता-ग्वांगझौ थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाल्यावर यजमान तिकिटांचे दर पाहू लागले आहेत. वसंतातल्या जत्रेला जाऊ, दुभाषी घरचाच आहे, असे ते म्हणतात. बाईंनी अद्याप होकार दिलेला नाही.