क्रमवारीतला मोमोटा, कोर्टवरचा मोमोटा

१५-२१, १९-२१. टोकियो ऑलिम्पिकच्या बॅडमिंटनमधला सर्वांत खळबळजनक निकाल एवढ्या दोन आकड्यांत संपतो. २८ जुलै २०२१ रोजी जपानचा केंतो मोमोटा गटसाखळीतच गारद झाला. जगातला अव्वल खेळाडू, ऑलिम्पिकचा अग्रमानांकित, त्यातून स्पर्धा घरची. आणि हरवणारा कोण, तर क्रमवारीत ३८वा असलेला दक्षिण कोरियाचा हिओ क्वांग-ही.

ऑलिम्पिकमधल्या एकेरीच्या गटांची रचना आधी समजून घ्यायला हवी. मोमोटाच्या गटात तिघेच होते आणि पुढे जाणार होता फक्त पहिला. अमेरिकेच्या टिमोथी लॅमला त्याने सहज हरवलं होतं, पण हिओनेही तेच केलं होतं. म्हणजे ही लढत नावाला साखळीतली. प्रत्यक्षात ती बाद फेरीच होती. साखळीचा हा हिशेब किती निष्ठुर असतो, हे त्याच ऑलिम्पिकमध्ये मुंबईकर चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकिरेड्डी यांनीही अनुभवलं. तीनपैकी दोन सामने जिंकले, त्यातला एक तर पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीविरुद्ध. तरी गेमांच्या गणितात तिसरे ठरून दोघे बाहेर.

मोमोटा कोण होता, हे २०१९ सालाकडे पाहिलं की कळतं. त्या एका वर्षात ७३ सामन्यांपैकी ६७ विजय आणि ११ विजेतेपदं. बासेलच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्याने डेन्मार्कच्या अँडर्स अँटोन्सेनला २१-९, २१-३ असं अक्षरशः झोपवलं. गंमत म्हणजे तो काही धडाधड स्मॅश मारणारा खेळाडू नव्हे. डावखुरा मोमोटा नेटजवळ शटल इतकं अलगद सोडायचा, की समोरच्याला ते खालून उचलून देण्यावाचून गत्यंतर नसे. मग मागे पळा, पुढे या, पुन्हा मागे. तो घाई करत नसे. समोरचाच थकून, चिडून चूक करायचा.

असा खेळ संपूर्णपणे नजरेवर आणि पायांवर चालतो. १३ जानेवारी २०२० रोजी, मलेशिया मास्टर्स जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, क्वालालंपूरच्या विमानतळाकडे जाताना त्याच्या गाडीला अपघात झाला. चालक जागीच गेला. मोमोटा वाचला, पण सरावाला लागल्यावर त्याला एकाची दोन शटल दिसू लागली. तपासणीत डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्याचं निघालं आणि फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली.

त्यात कोविड आला. ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं, ही खरं तर त्याच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. पण जानेवारी २०२१ मध्ये थायलंडला निघण्याआधी त्याचीच चाचणी पॉझिटिव्ह आली. अपघातानंतर टोकियोपर्यंत तो एकच आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला. ती म्हणजे ऑल इंग्लंड. तिथेही उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ली झी जियाने त्याला हरवलं.

मग तो अव्वल कसा? साथीत स्पर्धा थांबल्या तेव्हा जागतिक महासंघाने क्रमवारी गोठवली होती. २०१९ च्या घसघशीत गुणांवर मोमोटाचं सिंहासन शाबूत राहिलं. टोकियोत पहिला क्रमांक लावून उतरलेला माणूस दीड वर्षात जेमतेम खेळलेला होता, हे त्या आकड्यातून कुणालाच दिसत नव्हतं.

हिओचा आकडाही तितकाच फसवा. २०१२ चा कनिष्ठ गटातला जागतिक विजेता मोमोटा, तर २०१३ चा हिओ! गमावण्यासारखं काहीच नसल्याने तो बिनधास्त तुटून पडला. पहिल्या गेममध्ये मोमोटा आघाडीवर होता. तिथून हिओने लागोपाठ गुणांचा सपाटा लावला. एरवी अशा वेळी मोमोटा रॅली लांबवून समोरच्याचा वेग मारायचा. त्या दिवशी तो उशिरा पोचत होता आणि त्याच्या आखूड परताव्यांवर हिओचे स्मॅश बसत होते. त्यात प्रेक्षकांना बंदी. घरच्या स्पर्धेचं दडपण तेवढं होतं, पाठीशी उभा राहणारा आवाज नव्हता.

मराठी बॅडमिंटनप्रेमींना तो दिवस वेगळ्याच कारणाने आठवतो. त्याच दिवशी पुण्यात नंदू नाटेकर गेले. नाटेकरही मनगटाच्या नजाकतीवर जिंकणारे, आणि १९५६ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, भारतीयाने मिळवलेलं पहिलंच, तेही क्वालालंपूरमध्येच.

मोमोटाच्या जाण्याने सोडतीचा तो कोपरा मोकळा झाला, पण हिओला त्याचा उपयोग करता आला नाही. पुढच्याच सामन्यात ग्वाटेमालाच्या केव्हिन कोर्डोनने त्याला सरळ गेममध्ये हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. सुवर्ण गेलं डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसेनकडे, म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी मोमोटाने अंतिम सामन्यात ज्याला हरवलं होतं त्याच्याकडे.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मोमोटाने इंडोनेशिया मास्टर्स जिंकली, तेव्हा टोकियोचा पराभव हा अपवादच म्हणायचा असं वाटू लागलं होतं. पण २०२२ ची जागतिक स्पर्धाही टोकियोतच झाली, आणि यावेळी प्रेक्षकांसमोर, दुसऱ्याच फेरीत, त्याच्याकडून आधीचे सातही सामने हरलेल्या आपल्या एच. एस. प्रणॉयने त्याला २१-१७, २१-१६ असं बाहेर काढलं. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या तिशीआधीच, त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. अपघाताआधीची शरीराची आणि मनाची जाण परत आली नाही, हे कारण त्याने स्वतःच सांगितलं.